बर्ड्स नेस्ट फर्न : सावलीत ठेवूनही पाने करपतात आणि मधला कोंब काळा पडतो

गॅलरीवाली
नमस्कार. पुण्यातील आमच्या घराची गॅलरी उत्तरेकडे तोंड करून आहे आणि मे अखेरीपासून जुलैपर्यंतचे दिवस सोडले तर तिथे थेट ऊन येत नाही. मोगरा आणि गुलाब तिथे रमले नाहीत, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नेच्यांकडे वळले. त्यांतला बर्ड्स नेस्ट फर्न मला सर्वांत आवडला. एकाच गड्ड्यातून चहूकडे उठणारी अखंड, पोपटी पाने, त्यांच्या मधोमध काळसर शीर आणि तळाशी तपकिरी केसांचे घरटे, असे त्याचे रूप आहे. सकाळचा चहा मी त्याच्याजवळ बसूनच घेते.

माझ्याकडे दोन कुंड्या आहेत. थोरल्या रोपाच्या पानांची टोके मार्चपासून करपू लागली आणि आता करपलेला भाग दोन-दोन बोटे आत सरकला आहे. धाकट्या रोपाचे दुखणे वेगळे आहे. जिथून नवी पाने गुंडाळी उलगडत वर येतात तो मधला भागच काळा पडला असून बोट लावल्यावर मऊ लागतो. दोन्ही कुंड्यांत लाल माती, शेणखत आणि थोडे कोकोपीट आहे. पाणी रोज एक तांब्या घालते, आणि रोपाचा आकार पेल्यासारखा असल्यामुळे ते मधोमधच घालते. थोरल्या रोपाच्या दोन-तीन पानांच्या मागे तिरप्या तपकिरी रेघाही उमटल्या आहेत. ती कीड समजून दोन पानांवरच्या रेघा मी जुन्या टूथब्रशने खरवडून काढल्या. माझे नेमके काय चुकते आहे, हे कृपया सांगावे.

सदाहरित
तुमच्याकडच्या उन्हाळ्यात एक तांब्या पाणी पुरणार नाही. आम्ही ठाण्यात दिवसातून तीन वेळा पानांवर पाणी फवारतो आणि आमचा नेचा उत्तम आहे.

कुंडीतला_कोळसा
सदाहरित, पाणी वाढवण्याचा सल्ला मला पटत नाही. गॅलरीवालीताईंच्या दोन्ही कुंड्यांची दुखणी वेगळी दिसत असली तरी मूळ एकच असावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा नेचा मुळात जमिनीवर वाढणारा नव्हे. उष्ण प्रदेशातील दमट जंगलांत तो झाडाच्या बेचक्यात, खोडाला किंवा कातळाला धरून राहतो, पण झाडाचा रस शोषत नाही. वरून गळणारा पालापाचोळा त्याच्या पेल्यात साठतो, तिथेच कुजतो आणि तेच त्याचे अन्न होते. त्याच्या मुळांभोवती कुजलेला पाला, स्वतःच्याच जुन्या मुळांची स्पंजासारखी गादी आणि भरपूर हवा असते. अशा रोपाला आपण लाल मातीत गाडतो. ती माती चार महिन्यांत दाबून बसते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरून कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे कुंडी ओली असूनही पाने तहानलेली दिसतात. माळी ती तहान पाहून आणखी पाणी घालतो. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक बर्ड्स नेस्ट फर्न असेच गेले आहेत.

माझे मिश्रण असे असते. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निम्मे, चांगले कुजलेले पानांचे खत पाव भाग, आणि उरलेल्या पाव भागात लाकडी कोळशाचे आणि विटेचे बारीक तुकडे. बागेतली माती मी एक चिमूटही घालत नाही. सोडणाचे तुकडे दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत धुऊन घेतो, कारण त्यांत क्षार असतात आणि नेच्यांना क्षार सोसत नाहीत. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटेच मोठी असावी. उथळ आणि रुंद कुंडी या रोपाला खोल कुंडीपेक्षा अधिक मानवते.

बीजाणू
त्या तपकिरी रेघांबद्दल आधी सांगते, कारण आणखी पाने खरवडली जाऊ नयेत. ती कीड नव्हे. नेच्यांना फूल येत नाही, बी येत नाही. त्यांची पुढची पिढी पानांमागच्या बीजाणूंतून येते. बर्ड्स नेस्ट फर्न ज्या ॲस्प्लेनियम प्रजातीतला आहे, तिच्यात बीजाणूंचे पुंजके मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना तिरपे, समांतर आणि सारख्या अंतरावर असतात. विंचरलेल्या केसांत कंगव्याच्या रेषा दिसाव्यात तसे ते दिसतात. खवले कीड असती तर ठिपके वेडेवाकडे विखुरलेले असते, पानाच्या दोन्ही बाजूंना असते, नखाने सुटे झाले असते आणि खालच्या पानांवर चिकटपणा आला असता. रोप वयात आल्याशिवाय अशा रेघा येत नाहीत, तेव्हा तुमचे थोरले रोप मुळात सशक्त आहे, असाच याचा अर्थ घ्या.

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना पानामागच्या या ओळी कीड समजून फवारणी केलेली कितीतरी रोपे लोक माझ्याकडे घेऊन येत. नीमतेल किंवा तेलकट कीटकनाशक नेच्यांच्या पानांना सहज भाजते. खरोखरच खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण आढळला, तर ओल्या मऊ कापडाने एकेक पान पुसावे आणि औषध वापरायचेच असेल तर आधी एका पानावर लावून आठवडाभर वाट पाहावी.

जाता जाता सांगते, स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या रोपाला ॲस्प्लेनियम निडस असे नाव दिले आणि निडस म्हणजे लॅटिनमध्ये घरटेच.

पर्जन्यवृक्ष
मी गेली अकरा वर्षे सिंगापूरला राहतो. इथे रस्त्याच्या दुतर्फा पर्जन्यवृक्षांच्या आडव्या फांद्यांवर हे नेचे ओळीने बसलेले दिसतात. काहींचा घेर इतका मोठा असतो, की दोन्ही हात पसरले तरी कवेत यायचे नाहीत. त्यांना कोणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. इथे जवळजवळ रोज पाऊस येतो आणि तो नेमका त्या पेल्यातच पडतो. म्हणून मध्यभागी पाणी घालू नये, हा नेहमीचा सल्ला मला कोड्यात टाकतो. निसर्ग जे रोज करतो, तेच कुंडीत केले तर रोप का कुजावे?

कुंडीतला_कोळसा
प्रश्न अगदी रास्त आहे. फांदीवरच्या पेल्यात पडलेले पाणी तिथे साचून राहत नाही. पाचोळ्यातून आणि मुळांच्या गादीतून झिरपून ते काही मिनिटांत खोडावरून ओघळून जाते, आणि पाऊस थांबला की वारा उरलेले सुकवतो. गॅलरीतल्या कुंडीत खाली घट्ट माती असते, कुंडीखाली ताटली असते आणि भिंतीच्या कोपऱ्यात वारा खेळत नाही, त्यामुळे तेच पाणी कोवळ्या गुंडाळ्यांच्या तळाशी तासन्‌तास राहते आणि तिथे कूज शिरते. सोडणाच्या तुकड्यांत लावलेल्या आणि वाऱ्यावर टांगलेल्या रोपाच्या मध्यभागी पाऊस पडला तर मी चिंता करत नाही. मातीतल्या रोपाला मात्र कुंडीच्या कडेनेच पाणी घालावे.

पर्जन्यवृक्ष
आता उलगडा झाला, मनापासून आभार. या पेल्यांविषयी वाचलेली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. बोर्निओतील साबाह प्रांतात डानुम खोऱ्याच्या जंगलात या नेच्यांचा अभ्यास झाला आणि तो २००४ साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिथल्या मोठ्या नेच्यांचे ओले वजन २०० किलोपर्यंत जाते. एका मोठ्या नेच्यात राहणाऱ्या किडे-कीटकांचे एकूण वजन त्या झाडाच्या उरलेल्या सबंध शेंड्यातल्या किडे-कीटकांच्या वजनाइतके भरू शकते, असे अभ्यासकांना आढळले. आपण ज्याला शोभेचे रोप म्हणतो ते जंगलाच्या छतावरचे एक गावच आहे.

पडवी
हा धागा वाचताना आमच्या राजापूरकडच्या आंब्यांची आठवण झाली. त्यांच्या जुन्या फांद्यांवर बाशिंग नावाचा नेचा असतो. त्याला दोन प्रकारची पाने येतात. एक लहान, तपकिरी, कातडी, फांदीला चिकटून राहणारी. ती नवरदेवाच्या बाशिंगासारखी दिसतात आणि पाचोळा अडवून धरतात. दुसरी लांब, हिरवी आणि खोल कातरलेली. उन्हाळ्यात हिरवी पाने झडतात आणि मृगाचा पाऊस झाला की गड्ड्यातून पुन्हा फुटतात. कोळसादादांनी सांगितलेली पाचोळा साठवण्याची युक्ती या आपल्या नेच्यालाही अवगत आहे, फक्त त्यासाठी त्याची वेगळी पाने राखलेली आहेत.

माझ्याकडे बर्ड्स नेस्ट फर्न पडवीच्या उत्तरेकडच्या वाशाला टांगलेला आहे. पावसाळ्यात पागोळीचे पाणी थेट अंगावर येणार नाही, पण तुषार लागतील, इतक्या अंतरावर तो आहे. टोपली नारळाच्या सोडणाची आहे आणि तिच्यात फणसाची व आंब्याची कुजकी पाने भरली आहेत. माती मीसुद्धा घालत नाही. त्रास होतो तो गोगलगायींचा. आषाढात त्या रात्री येतात आणि कोवळ्या गुंडाळीचे टोक कुरतडतात, आणि ते पान पुढे वाढले तरी फाटकेच उघडते. रात्री नऊनंतर विजेरी घेऊन त्यांना वेचणे हाच माझा उपाय आहे. मिठाचे पाणी कोणी सुचवले तर कृपया ऐकू नका, त्याने गोगलगायीच्या आधी नेचा मरेल.

विदर्भकन्या
पुण्याचा उन्हाळा कडक वाटत असेल, तर नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा कोरडीठण्ण असते. तरीही माझा नेचा चौथ्या उन्हाळ्यात आहे. त्याला गॅलरीत न ठेवता मार्च ते जून घरात, कूलर लावलेल्या खोलीच्या पलीकडच्या बोळात ठेवते. कूलरची ओली हवा बोळातून बाहेर पडते आणि खोलीतला ओलावा नेच्याला आपोआप मिळतो. कूलरच्या झोताच्या थेट समोर मात्र कधी ठेवू नये. पहिल्या वर्षी मी ते केले आणि चार दिवसांत पानांच्या कडा कागदासारख्या वाजू लागल्या. सावली हवी म्हणजे काळोख नव्हे, हेही अनुभवाने कळले. बोळाच्या टोकाला खिडकी आहे आणि तिथे भर दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते, एवढा उजेड त्याला लागतो. त्याहून अंधाऱ्या कोपऱ्यात पाने लांबुळकी, फिकट आणि मलूल निघाली.

सदाहरित
फवारणीचा माझा सल्ला सगळ्यांनी बाजूला सारलेला दिसतो. आमच्याकडे तो लागू पडतो, हे मात्र खरे आहे.

बीजाणू
सदाहरित, ठाण्यात खाडीची दमट हवा आहे, तुमचा नेचा फवारणीशिवायही बरा राहिला असता, असे मला वाटते. फवारलेले पाणी कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटांत उडून जाते आणि हवेतला ओलावा पुन्हा पूर्वीइतकाच होतो. शिवाय या नेच्याला पानांतल्या सूत्रकृमींचा, म्हणजे अतिसूक्ष्म कृमींचा, एक रोग होतो. त्यात पानाच्या तळाकडून पाणी भरल्यासारखे डाग सुरू होतात आणि तपकिरी-काळे होत वर चढतात. ते सूत्रकृमी पानावरच्या पाण्याच्या थरातूनच पोहत पसरतात, म्हणून पाने सतत ओली ठेवणे मला धोक्याचे वाटते. चार-पाच कुंड्या जवळजवळ ठेवल्या, खाली ओली वाळू पसरलेला पसरट ट्रे ठेवला, तर कोरड्या गावात थोडा तरी टिकाऊ उपयोग होतो.

सदाहरित
हे मला ठाऊक नव्हते. एका कुंडीची फवारणी महिनाभर थांबवून फरक पाहतो.

मनीमाऊ
माझ्या घरात दोन मांजरे आहेत आणि त्यांना लोंबणारी पाने चावायची सवय आहे. हा नेचा त्यांना विषारी आहे का?

बीजाणू
नाही, बर्ड्स नेस्ट फर्न मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाही. नर्सरीत ज्याला ॲस्परॅगस फर्न म्हणतात त्याच्यापासून मात्र सावध राहा. तो नेचाच नव्हे, शतावरीच्या कुळातला आहे, त्याला फुले आणि लाल फळे येतात आणि ती फळे मांजरांना बाधतात. नावात फर्न आहे म्हणून तो निर्धोक समजू नये.

गॅलरीवाली
सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. रेघा खरवडल्याचे फार वाईट वाटले. काल दोन्ही कुंड्या उपड्या केल्या. थोरल्या रोपाची वरची मुळे तांबूस, केसाळ आणि चिवट होती, पण खालच्या चार बोटांत माती चिखलासारखी होती आणि तिथली मुळे ओढताच सालीसारखी हातात आली. धाकट्याची सगळीच मुळे तशी झाली होती आणि गड्ड्याला आंबूस वास होता. थोरले रोप कोळसादादांच्या मिश्रणात लावले. धाकट्याचा काळा भाग कापून काढला तर ते वाचेल का?

आणखी एक. आमच्याकडे नळाला खडकवासल्याचे पाणी येते, पण उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी मिसळते. बादली रात्रभर भरून ठेवून सकाळी ते पाणी घातले तर चालेल का?

कुंडीतला_कोळसा
ताई, थोरल्याची टोके का करपली ते तुमच्या शेवटच्या परिच्छेदात आहे. रात्रभर ठेवल्याने पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, पण बोअरवेलचे क्षार तसेच राहतात. पाणी उडते, क्षार कुंडीत साचत जातात, पानाच्या टोकाशी पोचतात आणि टोक जळते. कुंडीच्या कडेवर पांढरी खपली दिसत असेल तर खात्री पटेल. पावसाचे पाणी भरून ठेवणे सर्वांत उत्तम. ते नसेल तर महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन, मिळेल त्या सर्वांत गोड्या पाण्याने, खालून भरपूर वाहून जाईपर्यंत धुवावी. एअर कंडिशनरमधून ठिबकणारे पाणीही क्षारविरहित असते, मी ते वापरतो. पाणी रोज घालू नका. सोडणाच्या तुकड्यांत बोट खुपसावे, वरचे एक पेर कोरडे लागले तरच घालावे. खत फक्त वाढीच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे जून ते ऑक्टोबर, आणि द्रवखत असेल तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मेच द्यावे.

धाकट्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. या नेच्याला वाढीचा डोळा एकच असतो. तो काळा आणि मऊ झाला असेल, तर उरलेली हिरवी पाने काही महिने टिकतील, पण नवे पान येणार नाही. बॉस्टन फर्नसारखे त्याला बाजूने धुमारे नसतात, त्यामुळे गड्डा फोडून दोन रोपेही करता येत नाहीत.

बीजाणू
याच ठिकाणी थोरल्या रोपाच्या न खरवडलेल्या पानाचा उपयोग होईल. रेघा गडद तपकिरी झालेला पानाचा हातभर तुकडा कापून कागदी पाकिटात घाला आणि आठवडाभर कोरड्या जागी ठेवा. पाकिटाच्या तळाशी तपकिरी पूड जमेल, ते बीजाणू. एका पारदर्शक झाकणाच्या डब्यात कोकोपीट घेऊन त्यावर उकळते पाणी ओता, झाकून थंड होऊ द्या, मग चाकूच्या टोकावर घेतलेली पूड वरून अगदी विरळ भुरभुरा आणि झाकण लावून उजेडाच्या, पण उन्हाच्या नव्हे, अशा जागी ठेवा. पुरेशी ऊब असेल तर काही आठवड्यांत हिरवी साय धरेल. ते शेवाळ समजून फेकू नका. भिंगातून पाहिल्यास नखाहून लहान, हृदयाच्या आकाराची पाने दिसतील. ती नेच्याची दुसरीच पिढी असते. तिच्यावर नर आणि मादी अवयव असतात आणि नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जातात, म्हणून त्या दिवसांत आत दवासारखा ओलावा हवाच. दोन पिढ्यांचे हे चक्र हॉफमायस्टर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली उलगडून दाखवले. त्याआधी कित्येक पिढ्यांना नेचा कसा जन्मतो हेच कोडे होते.

बंद डब्याची रीतही नेच्यामुळेच सापडली. १८२९ मध्ये लंडनच्या डॉ. वॉर्ड यांनी पतंगाचा कोश पाहण्यासाठी झाकण लावलेल्या बाटलीत ओली माती ठेवली होती. शहराच्या धुरात बाहेर काही केल्या न जगणारा नेचा त्या बाटलीत आपोआप उगवला. पुढे १८३३ साली त्यांनी तशाच काचेच्या पेट्यांतून रोपे जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवली आणि ती जिवंत पोचली.

पडवी
बीजाणूताई, आमच्या विहिरीच्या जांभ्यावर पावसाळ्यात हंसराज नावाचा नेचा उगवतो, त्याच्या आधी अशीच हिरवी साय दिसते. इतकी वर्षे तिला मी शेवाळच समजत आलो. उद्या भिंग घेऊन विहिरीवर जातो.

गॅलरीवाली
आज ऑगस्टचा दुसरा आठवडा आहे, म्हणून धागा वर आणते. धाकटे रोप गेले. शेवटचे पान जुलैत पिवळे पडले तेव्हा कुंडी रिकामी केली. थोरल्याची जुनी करपलेली टोके तशीच आहेत, पण पुन्हा लावल्यापासून पाच नवी पाने आली आणि त्यांची टोके शाबूत आहेत. नवी गुंडाळी उलगडत असताना तिला हात लागला तर पान वाकडे होते, हेही ध्यानात आले. माझ्या नातवाच्या बोटाची खूण एका पानावर अजून आहे.

डब्यात आठव्या आठवड्यात सगळीकडे हिरवी साय धरली. आज सकाळी भिंगातून पाहिले, तर कडेच्या एका हृदयाकृती पानाखालून गव्हाच्या दाण्याएवढे, उभे, अखंड पान वर आले आहे. अशी सात मोजली. झाकण आता काढू का?

बीजाणू
एकदम काढू नका. आज काडेपेटीची एक काडी अडकवून झाकण किंचित उचला आणि आठवड्याला आणखी एकेक काडी वाढवत जा. प्रत्येक रोपाला तीन-चार पाने येईपर्यंत डब्यातून हलवू नका, आणि पाणी वरून न घालता डबा ताटलीत ठेवून खालून शोषू द्या.

विदर्भकन्या
सातांपैकी एक मोठे झाले की मला द्याल का? दिवाळीत पुण्याला येणार आहे.

गॅलरीवाली
अवश्य, पण दिवाळीपर्यंत ते बोटाएवढेही होणार नाही, असे वाटते. पुढच्या पावसाळ्यात नक्की देईन, सोडणाचे तुकडे धुऊन तयार ठेवा.